ओवीची गाडीतली जागा

भाऊबीज आटोपून आम्ही उंब्रजहून पुण्याला परत येत होतो. कात्रजचा नवा बोगदा मागे पडला आणि नवले पुलाकडचा तो लांब उतार सुरू झाला. संकेत गाडी चालवत होता, त्याच्या शेजारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मागे मी. ओवी माझ्या मांडीवर. पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक लावला, संकेतनेही लावला. गाडी कशाला लागली नाही, टेम्पोच्या मागे हातभर अंतर राखून थांबली. पण ओवी माझ्या हातात नव्हती.

माझे दोन्ही हात तिच्या पोटाभोवती होते, बोटं एकमेकांत गुंतवलेली होती. तरी ती हातांखालून सटकली आणि पुढच्या सीटच्या पाठीवर तिचं तोंड आपटलं. खालचा ओठ आतून फुटला. रक्त फार नव्हतं, रडणं मात्र वडगावला घरी पोचेपर्यंत थांबलं नाही. रात्री ती झोपल्यावर मी मोबाइलच्या उजेडात ओठ उलटा करून पाहिला. दोन दुधाच्या दातांच्या दोन बारीक खुणा होत्या.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. जडत्वाच्या धड्याला ब्रेक लागलेल्या बसचं उदाहरण मी गेली नऊ वर्षं देते आहे. त्या रात्री वहीचं मागचं पान काढून मी आकडे मांडले. ओवी तेव्हा दोन वर्षं एक महिन्याची होती, वजन बारा किलोला थोडं कमी. गाडी ताशी ५० किलोमीटरने जाते आहे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर काही आडवं आलं आणि गाडीचं नाक अर्धा मीटर चेपून ती थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण वीसपट ताण येतो. बारा किलोची ओवी त्या क्षणी २४० किलोची होते. आणि ती मी दोन हातांनी धरणार. उतारावर नुसता ब्रेक लागला होता, तेव्हाचा ओढा या हिशेबात फार तर नऊ-दहा किलोचा होता, आणि तोसुद्धा माझ्या हातांना पेलला नाही, कारण तो येणार हे हातांना माहीत नव्हतं.

तो हिशेब मी संकेतला दाखवला. त्याने पान वाचलं आणि म्हणाला, "उद्याच तिच्यासाठी गाडीत लावायची मुलांची सीट बघूया." ते उद्या सव्वा महिना चाललं. कारण दुकानात जाऊन सीट उचलून आणायची, एवढंच काम आहे असं आम्हाला वाटत होतं. मूल, गाडी आणि सीट या तिघांचं जमावं लागतं हे कळायला एक चुकीची खरेदी करावी लागली.

त्याआधी आईंबद्दल लिहिते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात हेच बोलणं होणार आहे. आई म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा लेकराला असं बांधून न्यायचं व्हय? संकेतला मी मांडीवरच घेऊन फिरले की." मला याचा राग आला नाही. मांडी म्हणजे मुलाची सगळ्यात सुरक्षित जागा, हे आपल्या हाडात आहे. मूल रडलं की मांडी, ताप आला की मांडी, बारसं असो की जावळ, मूल कुणाच्या तरी मांडीवरच असतं. आईंना मी गणित दाखवलं नाही. पीठ गिरणीतून दळून आणलेला बारा किलोचा डबा स्वयंपाकघरात होता, तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "आई, असे वीस डबे एकदम पुढे पडायला लागले तर धराल?" त्यांनी डबा दोन्ही हातांनी कवटाळून पाहिला, मग बाजूला ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. पण पुढच्या खेपेला "सीट कधी आणतोयस?" हे त्यांनीच संकेतला विचारलं.

आता सीटकडे येते.

पहिली सीट आम्हाला विकत घ्यावीच लागणार नव्हती. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिचा मुलगा मोठा झाला, सीट पडून होती, आणि ती भारतात येताना बॅगेबरोबर आणणार होती. ताईने प्रेमाने विचारलं होतं. मी तिला सीट उलटी करून खालच्या प्लॅस्टिकचा फोटो पाठवायला सांगितलं. तिथे ठशात उमटवलं होतं की या तारखेनंतर सीट वापरू नये, आणि ती तारीख उलटून गेली होती. प्लॅस्टिक, थर्माकोलसारखा तो आतला फोम आणि पट्टे, सगळं उन्हाने नि थंडीने जुनं होत जातं, म्हणून सीटला वय असतं. शिवाय दुसरी अडचण होती. अमेरिकेतल्या गाड्यांचे मागचे पट्टे शेवटपर्यंत बाहेर ओढले की अडकून राहतात, सीट घट्ट बांधता यावी म्हणून ती सोय दिलेली असते. आमच्या गाडीचा पट्टा फक्त झटका बसला की अडकतो, एरवी सैल राहतो. पट्ट्याने बांधलेली सीट त्यामुळे हळूहळू ढिली पडत जाते, सीटमध्येच पट्टा आवळून धरणारा चिमटा असेल तर गोष्ट वेगळी. ताईला मी हे फोनवर सांगितलं. तिला वाईट वाटलं असेल, पण तिने समजून घेतलं.

नात्यातली किंवा ओळखीतली जुनी सीट घेताना एवढं तरी नक्की पाहा: मुदत संपली नाही ना, आणि ती ज्या गाडीत होती त्या गाडीला मोठा अपघात झाला नव्हता ना. ज्याची माहिती देणारं कुणी नाही, अशी सीट फुकट मिळाली तरी मी घेणार नाही. आतला फोम एकदा दबला की वरच्या कापडावरून काही कळत नाही.

मग आम्ही शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. "मॅडम, शून्य ते बारा वर्षं. एकदाच घ्या, परत बघायला नको," असं विक्रेत्याने सांगितलं. खोक्यावरही शून्य ते ३६ किलो असं होतं. गाडी खालीच उभी होती, मी म्हटलं एकदा लावून पाहूया. खोकं उघडता येणार नाही म्हणाले. आम्ही घेतली. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला.

घरी पार्किंगमध्ये संकेतने पाऊण तास खटपट केली. गाडीच्या पट्ट्याचं बक्कल ज्या दांड्यावर असतं तो दांडा आमच्या गाडीत लांब आहे. त्यामुळे बक्कल नेमकं सीटच्या चौकटीच्या कडेवर येऊन वाकत होतं. धडक बसली की सगळा जोर त्या कडेवर येणार आणि बक्कल तिथेच उघडू शकणार. सीट हलवून पाहिली तर चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. आणि आत ओवीला बसवलं तर खांद्याचे पट्टे तिच्या कानापाशी येत होते. जन्मलेल्या बाळापासून बारा वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांना बसवू पाहणारी ती सीट आमच्या ओवीला काही बसत नव्हती. अशा सीट नियमाप्रमाणे तपासलेल्या असू शकतात. तरी दोन वर्षांच्या मुलासाठी मी ती निवडणार नाही. बारा वर्षांच्या पोराला आणि दोन वर्षांच्या पोरीला एकच सदरा शिवून पाहा.

दुकानाने पैसे परत दिले नाहीत, तेवढ्या रकमेचं क्रेडिट दिलं. त्यातून आम्ही पुढे ओवीची सायकल घेतली.

या खेपेनंतर मी गाडीचं माहितीपुस्तक काढलं. ग्लोव्ह बॉक्समध्ये विम्याच्या कागदांखाली होतं. त्यात मुलांच्या सीटबद्दल एक तक्ता असतो. आमच्याकडे तो अगदी मागच्या पानांत होता. उभ्या रकान्यांत गाडीतल्या जागा, आडव्या ओळींत मुलाचे वजनगट, आणि चौकोनांत अक्षरं. 'यू' म्हणजे पट्ट्याने बांधायची सर्वसाधारण सीट चालेल. 'आययूएफ' म्हणजे आयसोफिक्सवर, म्हणजे पट्ट्याऐवजी गाडीतल्याच लोखंडी दांड्यांना सीट अडकवायच्या सोयीवर, पुढे तोंड करून बसायची सीट चालेल. 'आयएल' म्हणजे यादीत दिलेल्या ठरावीक आयसोफिक्स सीटच चालतील. 'एक्स' म्हणजे तिथे मुलाची सीट लावायचीच नाही. आमच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटला सगळीकडे एक्स, मागच्या मधल्या जागेलाही एक्स. मागच्या दोन कडेच्या जागा तेवढ्या मोकळ्या. गाडी जुनीच घेतलेली, २०१९ची, आणि तिच्यात आयसोफिक्स आहे हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

मागच्या सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या फटीत मी हात घातला. आत गार लोखंड लागलं. सहा मिलिमीटर जाडीचा आडवा दांडा, आणि त्याच्यापासून २८ सेंटीमीटरवर दुसरा. ते दांडे गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेले असतात. सीटचे दोन जबडे या दांड्यांना धरतात, त्यामुळे पट्टा कसा ओढला, कुठून घातला, या चुकांना जागाच राहत नाही. एवढंच पुरेसं नसतं, कारण दोन दांड्यांवरची सीट धडकेत पुढे कलंडू शकते. तिला अडवायला तिसरा आधार लागतो. तो एकतर सीटच्या पुढून गाडीच्या जमिनीवर टेकणारा पाय असतो, नाहीतर सीटच्या वरच्या बाजूने मागे जाऊन अडकवायचा पट्टा. तुमच्या गाडीत मागच्या प्रवाशाच्या पायाखाली सामानाचा कप्पा असेल तर आधाराचा पाय तिथे टेकवू नका. कप्प्याचं झाकण तेवढा जोर सोसणार नाही. आमच्या गाडीत जमीन भरीव होती. मी चटई उचलून, ठोकून पाहिली.

आणि मग लेबलं. सीटवर गोलात 'ई' आणि पुढे एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे कोणत्या देशाने मंजुरी दिली ते, उदाहरणार्थ एक म्हणजे जर्मनी, चार म्हणजे नेदरलँड्स. संयुक्त राष्ट्रांचे दोन नियम दुकानांत ऐकू येतात. जुना आर-४४, तो मुलाच्या वजनावर चालतो: १३ किलोपर्यंत शून्य-अधिक, ९ ते १८ किलो पहिला गट, आणि असेच पुढचे. नवा आर-१२९, २०१३ पासूनचा, तो उंचीवर चालतो. यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी होते, आणि पंधरा महिन्यांच्या आत मुलाला पुढे तोंड करून बसवायला मनाई आहे. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२ हे आर-४४ च्या वळणाचं आहे.

लेबल वाचताना मला ओवीचं वजन आठवलं. आर-४४ च्या कितीतरी सीटमध्ये मागे तोंड करून बसायची मर्यादा १३ किलो असते. ओवी तेव्हा बाराच्या जवळ होती. म्हणजे पाच-सहा महिन्यांत तिला वळवावं लागलं असतं, आणि मला ते नको होतं.

का नको होतं, ते नीट सांगते, कारण "पाठमोरी का बसवतेस, बाहेरचं दिसत नाही तिला" हे मला अजून दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं असतं. मोठ्या माणसाचं आठव्या. मान मात्र कोवळी, मणक्यांची हाडं अजून पुरती जुळलेली नसतात, मधे कूर्चा असते. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं धड पट्टे धरून ठेवतात आणि ते जड डोकं एकटं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर. पाठमोऱ्या मुलाचं डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या खोलगट पाठीत दाबलं जातं, जोर सगळीकडे वाटला जातो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना १९६० च्या दशकात ही कल्पना सुचली, ती जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून. उड्डाणाचा जोर पाठीवर घेतला तर माणूस तो सोसतो. स्वीडनमध्ये आजही मुलं चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरी बसवतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये वयाची अट काढून, सीटची मर्यादा येईपर्यंत पाठमोरंच बसवा असं सांगितलं. पायांचं काय, असंही विचारतात. ओवी सीटमध्ये मांडी घालून बसते. पंगतीला बसावं तशी.

आई म्हणाल्या होत्या, पुढेच ठेवा, म्हणजे संकेतच्या नजरेसमोर राहील. पुढच्या एअरबॅगसमोर पाठमोरी सीट ठेवणं ही या सगळ्या विषयातली सगळ्यात धोक्याची चूक आहे. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि सीटच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागेच आदळते. उन्हाची झडप खाली ओढली की तिच्यावर त्याचं चित्र असतं. ते चित्र मी आईंना दाखवलं.

सोसायटीच्या ग्रुपवर मी विचारलं, कुणाकडे आयसोफिक्सची, आर-१२९ ची सीट आहे का, अर्धा तास लावून पाहायला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आईने लगेच "रविवारी या" म्हटलं. तिच्याकडे गोल फिरणारी सीट होती. पाठमोरी ४० ते १०५ सेंटीमीटर उंचीपर्यंत, आणि पुढे तोंड करून ७६ पासून. रविवारी सकाळी आम्ही दोन्ही कुटुंबं पार्किंगमध्ये होतो. तिच्या नवऱ्याने सीट आमच्या गाडीत ठेवून ढकलली, कट् कट् असे दोन आवाज आले आणि दोन्हीकडची लाल खूण हिरवी झाली. आधाराचा पाय जमिनीला टेकला. संकेतने सीट धरून हलवली तर सीट हलेना, आख्खी गाडी हलत होती.

डावीकडे लावली, पुढच्या प्रवाशाच्या मागे. आपल्याकडे डावी बाजू फुटपाथची, मुलाला काढता-घालताना आपण रस्त्यात उभे राहत नाही. शिवाय संकेत सहा फुटांचा, त्याच्या मागे पाठमोरी सीट मावलीच नसती. मी पाच फूट एक इंच. माझी सीट दोन खाचा पुढे घेतली तरी मला अवघडत नाही.

एक शंका उरली होती. आधाराचा पाय असलेल्या सीटसाठी सीटची कंपनी गाड्यांची यादी देते, आणि त्या यादीत आमची गाडी नव्हती. भारतात विकलं जाणारं हे मॉडेल परदेशी यादीत नसतंच बहुधा. मी गाडीच्या जमिनीचा, दांड्यांचा फोटो आणि माहितीपुस्तकातला तक्ता जोडून त्यांना मेल केला. लेखी होकार आल्यावरच सीट घेतली. सव्वीस हजार रुपये. ही रक्कम लहान नाही, हे मला माहीत आहे. आमचं महाबळेश्वर त्या वर्षी राहिलं. पण ज्यांना एवढं जमत नाही त्यांनी पट्ट्याने बांधायची, आर-४४ ची, मुलाच्या वजनाला आणि आपल्या गाडीला नीट बसणारी साधी सीट घ्यावी. ती मांडीपेक्षा शंभरपट बरी. घेऊ नये ती एकच गोष्ट: ऑनलाइन हजार-बाराशेला मिळणारी ती कापडी 'कार सीट', नुसती गादी आणि चार शिवलेले पट्टे. तिला कवच नाही, मंजुरीचं लेबल नाही. फोटोत छान दिसते. धडकेत ती टाके उसवून मुलासकट पुढे जाईल.

सीट आणल्यावर ती बांधायची कशी हे आम्हाला शिकावं लागलं. खांद्याचे पट्टे पाठमोऱ्या मुलाच्या खांद्याच्या रेषेत किंवा जरा खालून निघायला हवेत, पुढे तोंड करून बसलेल्याच्या खांद्याच्या रेषेत किंवा जरा वरून. पट्ट्याला पीळ नको. आणि घट्टपणा किती? गळ्याखालच्या हाडापाशी पट्टा अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत उभा धरून पाहायचा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे, अजून ओढायचा. बोटं नुसती घसरली तर बरोबर. मी दर वेळी हे करते. ओवीला आता ते इतकं ओळखीचं झालंय की मी विसरले तर ती स्वतःच आपल्या खांद्याला चिमटा घेते.

जाड स्वेटर घालून पट्टे बांधायचे नाहीत. स्वेटर दाबला जातो आणि आत पट्टा सैलच असतो. डिसेंबरात पहाटे निघताना आधी पट्टे बांधायचे, मग वरून गोधडी. आईंनी शिवलेली लहान गोधडी त्यासाठीच गाडीत असते. मे महिन्यात उलटी गोष्ट. बक्कलाचा धातू तापून हात लावू देत नाही. गाडी उन्हात उभी असेल तेव्हा सीटवर ओला करून पिळलेला पांढरा पंचा टाकून ठेवते. खंबाटकी घाटात ओवीला एकदा उलटी झाली. सीटचं कव्हर काढून मशीनला लावलं, पण पट्टे नुसत्या ओल्या फडक्याने पुसले. पट्टे साबणात भिजवले की धागा कमजोर होतो, माहितीपुस्तकात तसं स्पष्ट लिहिलं होतं.

रडण्याबद्दल खरं सांगते. पहिल्या लांबच्या प्रवासात ओवी वडगावपासून खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत रडली. मी पुढच्या सीटवर वळून तिचा पाय धरून बसले होते. संकेतने दोनदा विचारलं, थांबवू का? थांबायला हरकत नाही, पण गाडी उभी करून. चालत्या गाडीत पट्टा सोडायचा नाही, हा एकच नियम आम्ही घरातून ठरवून निघालो होतो. आई मागे तिच्या शेजारी होत्या. त्यांनी शिरवळपर्यंत तिला कोल्ह्याची गोष्ट सांगितली, तीच, चार वेळा. मग दोघी झोपल्या.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधलेलं नसेल तर चालकाला हजार रुपये दंड. आजवर आम्हाला कुणी थांबवून विचारलेलं नाही, आमच्या ओळखीत कुणालाच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि ते दोघेही गेले. महिनाभर सगळीकडे मागच्या पट्ट्यांचीच चर्चा होती. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्येही. त्या चर्चेत मागच्या सीटवर मांडीवर बसणाऱ्या मुलांचं नाव कुणी काढलं नव्हतं. मीही नाही.

"मग एसटीत काय करता? रिक्षात?" हा प्रश्न येतोच. एसटीत आम्ही ओवीला खिडकीकडे घेऊन बसतो, दुसरं काही हातात नाही. ओवीसकट रिक्षाने जाणं शक्य तेवढं टाळतो. स्कूटरवर तिला नेत नाही. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा आणि वेग चाळिसाच्या वर नको, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. आमच्या शाळेच्या रस्त्यावर रोज सकाळी स्कूटरच्या पायरीवर उभी असलेली लहान मुलं दिसतात, हँडलला धरलेली. त्यांच्या आई-बाबांचा नाइलाज मला कळतो. पण स्वतःची गाडी आहे, मागे जागा आहे, तिथे तरी मांडी नको एवढंच माझं मागणं आहे. मी हे मैत्रिणींना सांगते, सख्ख्या जावेलाही सांगितलं. तिने सीट घेतली. घ्यायच्या आधी आमची सीट तिच्या गाडीत लावून पाहिली, तेव्हा कळलं की तिच्या गाडीत आयसोफिक्स नाही. तिला पट्ट्याची, चिमटा असलेली सीट शोधून दिली.

ओवी आता दोन वर्षं नऊ महिन्यांची आहे, वजन १३ किलो ३०० ग्रॅम. त्या १३ किलोच्या सीटमध्ये असती तर एव्हाना पुढे तोंड करून बसली असती. आमच्या सीटला उंचीची मर्यादा १०५ सेंटीमीटर आणि वजनाची १९ किलो, यातलं जे आधी येईल ते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकवून उभी करतो, डोक्यावर वही आडवी धरतो आणि पेन्सिलने रेघ मारतो. परवाची रेघ ९२ वर आली. वर १०५ ला संकेतने लाल स्केचपेनने एक जाड रेघ आधीच ओढून ठेवली आहे. ओवी टाचा उंचावून तिला हात लावायचा प्रयत्न करते, आणि आम्ही टाचा खाली धरून पुन्हा मापतो.